फोन बंद झाल्यापासूनची पाठदुखी

प्रिय धाकटीस, ताईचे आशीर्वाद.

३ फेब्रुवारीला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू माझ्या व्यायामाच्या बाईंना परस्पर फोन करून सांगितलंस, "ताईला झेपणार नाही, तिला झोपवूनच ठेवा." माझ्या मणक्यातली गादी सरकली आहे, अक्कल नाही. त्याच संध्याकाळी मी तुला तसं सुनावलं, आणि तू फोन करणंच सोडलंस.

इथे वृद्धाश्रमात जेवण बरं आहे, खोलीत उजेड आहे. काळजी करू नकोस. पाठ मात्र पुन्हा धरते. शाळेत नन्सनी शिकवलेलं ताठ बसणंही कामी येत नाही.

काल बाईंनी विचारलं, "आजी, बहिणीचा फोन येत नाही का हल्ली? तिच्याशी भांडताना व्हरांड्यात तुमच्या नुसत्या येरझाऱ्या चालायच्या. आता दिवसभर खुर्चीत असता. पाठ दुखणारच की."

तुझ्या काळजीला मी लुडबुड म्हणाले, ते म्हणायला नको होतं.

तुझे गुडघे कसे आहेत? यजमान औषध वेळेवर घेतात का?

रोज किती वाजता फोन करणार, ते २० तारखेच्या आत लेखी कळव. मी चपला घालून उभी असेन.

तुझीच,
ताई