घुबडाची मान सरळ करू नये

धाकटे, शाळेच्या व्हरांड्यात काचेवर आपटून मेलेली चिमणी आपण माझ्या कंपासपेटीत ठेवली होती. "ताई, झोपली का गं ही?" तू विचारलंस. मी हो म्हटलं. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी झाकण हळूच लावून दिलं. माझं काम तिथे सुरू झालं.

मेलेल्या प्राण्यांचं कातडं जपून त्यांना पुन्हा आकार देणारी मी, बुद्धी शाबूत असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण भाच्याने आणलं होतं. मी जुमानलं नाही.

कलेसाठी जीव मारायचा नाही आणि प्राणी कशाने मेला ते पाटीवर खरं लिहायचं, हा माझा नियम. चामड्याचे बूट घालून माझ्या प्रदर्शनांत करुणेवर बोलणाऱ्यांना तो फार आवडायचा.

भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, माझं काम त्याच्या आर्ट गॅलरीत मांडतो. गेल्या हिवाळ्यात तो घुबड घेऊन आला. "आत्या, रस्त्यावर मेलेलं सापडलं." पाटीही छापून आणलेली: गाडीची धडक. मी कातडं आतून बघते, एवढंही या शहाण्याच्या लक्षात राहिलं नाही. आत मानेखेरीज एकही हाड मोडलेलं नव्हतं. मानेवर रक्त साकळलेलं; एका बाजूला अंगठ्याचा ठसा, दुसऱ्या बाजूला बोटांचे.

"अगं, एक घुबड! प्रदर्शन तोंडावर आलंय. कुणाला कळणारे?"

"मला कळलं ना, गाढवा!"

माझं राहतं घर भाच्याला द्यावं, पण एका अटीवर. ते घुबड मी मान पिरगळलेलीच ठेवून पूर्ण केलं आहे. ते त्याने गॅलरीच्या दारात कायम ठेवावं आणि स्वतःच्या अक्षरात पाटी लावावी: 'हे मी मारलं.' मान सरळ केली किंवा पाटी काढली, तर घर प्राण्यांच्या दवाखान्याला जावं. माझ्या शोकसभेत त्याने भाषण करू नये. रडू तर मुळीच नये; त्याला ते जमत नाही.

सुऱ्या, चिमटे, तारा दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना. प्राणी वाचवायला त्या आधी धडपडत, मला फोन नंतर करत.

आणि धाकटे, माझं पहिलं काम, ती डोळे मिटलेली चिमणी, तुला. "उडती का नाही केली?" म्हणून जाणकार हसले होते. हसू देत. तिला काचेचे डोळे कुणी लावू नयेत. ती झोपली आहे.

स्थळ: माझं कामाचं टेबल
दिनांक: ९ मार्च
सही: ताई

साक्षीदार, दोघांनाही यातून काही मिळत नाही म्हणूनच बोलावलेले:
१. काचेचे डोळे बनवणारे काका
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई