सव्वा मूठ गहू

जळगाव, ८ जुलै २०२५

ती. स्व. आबांस,
सारिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ही मोठ्याने बोलायची गोष्ट नाही, म्हणून कागद घेतला. आम्ही सगळे ठीक. तुमची नात गणिताच्या परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली. तिकडे येणाऱ्या भूषणभाऊंबरोबर पेढे पाठवलेत, पण साखर वाढलीय हे विसरू नका, अर्धाच खा.

काळजी तिचीच आहे. कानबाईच्या सणासाठी धुळ्याला कधी निघायचं हे बोलत होतो, तेव्हा भूमिका शांतपणे म्हणाली की यंदा देवीच्या नैवेद्याच्या रोटांच्या गव्हात माझ्या नावाची सव्वा मूठ घेऊ नका. आजीच्या दुखण्यात ती वाचावी म्हणून भूमिकाने देवीजवळ मनापासून मागितलं होतं. म्हणाली, "देवी असेल तर तिने ऐकलं नाही. नसेल तर मी कुणाशी बोलत होते?" हे चिडले, आणि ती ताटावरून उठली.

आबा, आपल्याकडे घरातल्या माणसांच्या नावाने मूठ पडते, ती माणूस गेलं तरच थांबते. जित्या लेकराची कशी थांबवायची? शिवाय भावकीत लेकींची मूठ घेत नसत, भूमिकाच्या मुठीसाठी आई सगळ्यांशी भांडल्या होत्या. तुम्हाला हे किती लागेल ते मला कळतं. म्हणून एक विनंती, तिला न सांगता तिची मूठ घालून टाका. देवीला कळलं म्हणजे झालं.

प्रकृतीला जपावं. लोभ आहे तो असाच राहू द्यावा.

आपली,
सारिका

धुळे, १४ जुलै

चि. सौ. सारिका हिस अनेक आशीर्वाद.

पत्र आणि पेढे दोन्ही पोचले. दोन खाल्ले, भूषणला विचारू नकोस.

पत्र वाचून वाईट वाटलं, लपवत नाही. तुझी सासू भागाबाई अख्ख्या भावकीसमोर म्हणाली होती, "नात बी आपलीच शे. तिनी मूठ बी ल्या." माझ्या धाकट्या भावाने, रुपचंदने, त्या वर्षी रोटाला हात लावला नाही. तरी ती हटली नाही.

पण तिने उघड घेतलेली मूठ मी चोरून कशी घालू? पोर खरं बोलली म्हणून तिला फसवायचं, हे मला जमायचं नाही. मूठ थांबवायची भीती मलाही वाटते. काही ऐकू येत नसताना रोज फोन करतो, तो तुम्ही सगळे सुखरूप आहात ना, एवढं कळावं म्हणूनच.

तिला म्हणावं, देवीने का ऐकलं नाही ते मलाही ठाऊक नाही. मीही तेच मागितलं होतं. रुपचंदचं मी बघतो. तिला फक्त घेऊन ये. ते जाड रोट घरच्यांनीच संपवायचे असतात, आणि माझे दात आता कामाचे राहिले नाहीत.

सगळ्यांना आशीर्वाद. येण्याची वाट पाहतो.

तुझे,
आबा

जळगाव, २० जुलै

ती. आबांस,
भूमिकाचा सा. न.

आईने तुमचं पत्र वाचायला दिलं. तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्हीही तेच मागितलं होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कानबाईच्या आदल्या शनिवारी, गव्हाच्या दळणाच्या आधी येते. देवी आहे असं मला अजूनही वाटत नाही, आणि वाटत असल्याचं नाटक मी करणार नाही. माझी मूठ घेऊ नका. मला काही होणार नाही. आईलाही समजावा, ती सारखी माझं कपाळ चाचपते.

पण आबा, यंदा आजीची मूठ पहिल्यांदाच थांबणार. ते मला सहन होत नाही. माझी मूठ तिने भांडून मिळवली होती. यंदा माझ्या हाताने तेवढे गहू तिच्या नावाने घालू द्या. रुपचंदआबा काय म्हणायचं ते म्हणोत. हे कुठल्याच गणितात बसत नाही, मला माहीत आहे. कारण विचारू नका, माझ्याकडे नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तुमची,
भूमिका