वेगळ्या घरांना आता चालत नाही

प्रिय बाई,

परवा तुझी तेरवी झाली. पाहुणे गेले, मांडववाला येऊन सतरंज्या घेऊन गेला, आणि मी तुझ्याच पडवीत बसून तुला पत्र लिहितोय. उभ्या आयुष्यात तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, आता कुठल्या तोंडाने लिहितोय? पण काल रेवाने मला एक प्रश्न विचारला आणि मी तिला चक्क खोटं सांगितलं. खरं काय ते आधी तुला सांगतो, म्हणजे पोरीसमोर बोलायला जीभ वळेल.

तिने विचारलं, "बाबा, आत्याला इतकं बरं नव्हतं तर तिने आपल्याला का नाही कळवलं? आपण तिला आपले वाटतच नव्हतो ना?"

मी म्हणालो, नेटवर्क नसेल, जंगलातलं गाव आहे. चौदा वर्षांची मुलगी ती. हातातल्या फोनवर मैत्रिणीशी तिचं बोलणं चालूच होतं, ह्याच पडवीत बसून!

आता मुळापासून सांगतो. तुला टीव्ही आणून दिला ती दिवाळी आठवते? रिसॉर्टांच्या कृपेने इथे मोहर्लीत इंटरनेटची लाइन आली होती. माझ्याकडे पुण्यात सिनेमे-मालिकांचं सबस्क्रिप्शन होतंच, पण कंपनी ते एका घरापुरतंच चालू देत होती. मग ऑफिसातल्या एकाकडून शिकून मी पुण्याच्या घरी राउटरजवळ व्हीपीएनची एक लहानशी डबी बसवली. तुझा टीव्ही आधी त्या डबीकडे जायचा आणि तिथून पुढे कंपनीकडे. कंपनीला वाटायचं, हा टीव्ही पुण्यात आमच्याच हॉलमध्ये लावलेला आहे. मी हे सगळं तुला मोठ्या फुशारकीने समजावून सांगितलं. तू नीट ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "म्हंजे आपण खोटं सांगून राह्यलो काय?"

तू विचारणारच! सफारीच्या गेटवर परमिटवरची नावं आणि माणसांच्या हातातली ओळखपत्रं जुळवण्यात तुझी इतकी वर्षं गेली. नाव एकाचं आणि गाडीत दुसराच, असं दिसलं की तू त्याला खाली उतरवायचीस. "आम्ही एकाच घरचे आहोत हो," असं म्हणणारे तर तुला रोज भेटत. माझ्या ऑफिसची मंडळी आली तेव्हा एक जण आजारी पडला म्हणून आम्ही त्याच्या जागी दुसरा आणला होता. तू त्याला सगळ्यांदेखत उतरवलंस. मी तुझा भाऊ, मी गाडीतून तुला खुणा करतोय, आणि तू माझ्याकडे बघायलाच तयार नाहीस! तेव्हा मला तुझा इतका राग आला होता की संध्याकाळी तू केलेल्या वडाभाताला मी हातसुद्धा लावला नाही.

तर त्या दिवाळीत मी तुला म्हटलं, यात खोटं काय आहे बाई? आपण एकाच घरचे नाही का?

तू जरा वेळ विचार केलास. मग म्हणालीस, "हो. हे तं खरं हाय." आणि रिमोट हातात घेतलास. कंपनीला फसवल्याची मला लाज वाटत नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. तुला मात्र त्या एका वाक्याने पटलं होतं, आणि ते वाक्य माझं होतं.

तुला वाघाबिघाच्या फिल्मा आवडतील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, वाघ तर रोजच आहे. तुला लागल्या हिंदीत बोलणाऱ्या कोरियन मालिका! शेजारच्या पंचफुलाबाई पण यायच्या. त्या लोकांची नावं तुम्हा दोघींच्या तोंडात बसेनात, म्हणून तुम्ही त्यांना गावातलीच नावं ठेवली. मग रविवारी तुझा फोन यायचा आणि अर्धा तास मला मालिका ऐकावी लागायची. रमेशची आई कशी खाष्ट आहे, तिने सुनेला कसं घराबाहेर काढलं. मी फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडायचो आणि "हं, हं" करायचो. तुला कळत नसेल का ते?

मग उन्हाळ्यातला तो रविवार आला. भरदुपारी मॅच होती, घरी मित्र जमले होते, आणि ऐन रंगात चित्र अडकायला लागलं. त्यातला एक जण म्हणाला, ती डबी ओढतेय सगळा स्पीड, काढ ती. मला माहीत होतं की रविवारी दुपारी तू आणि पंचफुलाबाई टीव्हीसमोर असता. तरी मी वायर उपसली. मॅच संपली की लावू म्हटलं आणि डबी जुन्या चार्जरांच्या खणात टाकली. मॅच संपली, मित्र गेले, आणि डबी तिथेच राहिली.

आठवड्याभराने तुझा फोन आला. मी कामात होतो. तू म्हणालीस, टीव्हीवर काहीतरी लिहून येतंय, पंचफुलाच्या नातीने वाचून दाखवलं, हा टीव्ही तुमच्या घरातला नाही असं म्हणतंय. तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं? 'बाई, वायर काढली आणि लावायची विसरलो, आज लावतो.' एवढंच! पण विसरलो म्हणायची लाज वाटली. मॅचसाठी तुला बंद केलं हे तर मुळीच सांगवेना. मी ऐटीत म्हणालो, "कंपनीने नियम बदललाय बाई. वेगळ्या घरांना आता चालत नाही."

तू म्हणालीस, "बरं. नियम हाय तं हाय. मी बी गेटवर लोकायले हेच सांगते ना." आणि फोन ठेवलास.

तू गेटवर कधी कुणाशी हुज्जत घातली नाहीस आणि कुणाला घालू दिली नाहीस. यादीत नाव नाही म्हणजे नाही. तसंच तू स्वतःलाही उतरवून टाकलंस. पण तूही कमाल केलीस, बाई! एकदा भांडायचं तरी होतंस. 'दिवाळीत एकाच घरचे होतो, आता येगळे काऊन झालो?' असं विचारलं असतंस तर मी तिथल्या तिथे ओशाळलो असतो.

आणि आपण परक्या झालो असं तुला वाटलं असेल, ते उगाच नव्हतं. बाबा गेल्यावर तू हक्कसोडावर सही करून दिलीस. तू राहायचीस ते घर माझ्या नावावर. तुझ्यापाशी फक्त माझा शब्द होता, आपण एकाच घरचे म्हणून. तो शब्द मी एका डबीपायी असा मोडला!

त्यानंतर तुझे रविवारचे फोन दोन-तीन मिनिटांचे झाले. जेवला काय, रेवा बरी हाय काय, ठेवते. मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. अर्धा तास मोकळा झाला म्हणून बरं वाटलं. आणखी एक लिहितो. पुण्यात 'बाईचा फोन' म्हटलं की ऑफिसात लोकांना वाटायचं, घरकामाला येणारी बाई. मोठी बहीण आहे, तिने मला आईमागे वाढवलंय, हे सांगायला किती वेळ लागतो? ते पण मी कधी सांगितलं नाही.

राहिलेलं पंचफुलाबाईंनी सांगितलं. परवा सगळी मंडळी जेवत होती. म्हातारे मला म्हणत होते, भाऊ असावा तर असा, इतक्या लांब राहून बहिणीला टीव्ही दिला, काही कमी पडू दिलं नाही. मी मान खाली घालून वाढत होतो. लोकांना वाटलं, दुःखाने घातली आहे. पंचफुलाबाईंनी मला चुलीमागे बोलावलं. त्या म्हणाल्या, चार दिवस तुझ्या छातीत जळत होतं. तू ओवा खात होतीस आणि ड्युटीवर जात होतीस. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन हातात घेतला, भावाला लावते म्हणाल्या. तू त्यांच्या हातातून फोन काढून घेतलास.

"मले म्हणे, नको सांगू त्याले. त्याचं घर येगळं हाय, त्यानंच सांगतलं. आपलं आपण पाहू."

पाचव्या दिवशी गेटवरच्या एका जिप्सीवाल्याने तुम्हा दोघींना चंद्रपूरला नेलं. दवाखान्यात पोहोचल्यावर तू तासभर होतीस, आणि तुझ्याजवळ पंचफुलाबाई होत्या. चार दिवस आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटली.

पंचफुलाबाईंनी मला दोष दिला नाही. त्यांना वाटतं, नियम खरंच बदलला होता. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही, बाई! हातात वरणाची बादली होती, ती घेऊन पुढच्या पंगतीत गेलो.

आता तुझ्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात एकच आहे. रेवा आत झोपाळ्यावर बसून तुझी लुगडी घडी करतेय. तुझ्यावर तिचा राग आहे. आत्याने आपल्याला परकं मानलं, शेवटच्या दिवशीसुद्धा बोलावलं नाही, हे तिच्या मनात बसलंय. मी गप्प राहिलो तर ती तसंच धरून मोठी होईल, आणि माझं नाव राखायला तुझं नाव जाईल. हे मी होऊ देणार नाही. हे पत्र संपवून मी आत जाईन, तिच्या शेजारी बसेन आणि वायरीपासून वरणाच्या बादलीपर्यंत सगळं सांगेन. मग तिला घेऊन पंचफुलाबाईंकडे जाईन आणि तिथेही सांगेन. गावात व्हायची ती शोभा होऊ दे. रेवा कदाचित बरेच दिवस माझ्याशी बोलणार नाही, आणि तिने बोलूही नये. पण आत्याने आपल्याला परकं केलं नव्हतं, परकं केलं ते बाबाने, हे तिला माझ्याच तोंडून कळेल.

तुझा,
बंडू