आखूड तार

१४ सप्टेंबर, रविवार

आजपासून मी सोलापूरकर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात कंट्रोल पॅनेल दुरुस्तीचं काम मिळालं आणि मागच्याच गल्लीत घरमालकीण शांतम्मांची गच्चीवरची खोली. मंद्रूपहून येताना अण्णांनी माझा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा सेट मांडीवर धरून आणला, बाळासारखा. घरातली पहिली पदवी माझी, म्हणून सेटलाही मान. शांतम्मांनी विचारलं, याच्यावर सिरियल लागती का? नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. पण गच्चीवर तार ताणू दिली. कपडे वाळत घालायला होती की, म्हणाल्या.

१६ सप्टेंबर

सेट लावला आणि हिरमुसले. आजूबाजूच्या यंत्रमागांच्या मोटारींची सेटमध्ये घरघर इतकी, की माणसाचा आवाज कळेना. पुरात फोन बंद पडले की अशा सेटवरूनच कुणीतरी हाक मारतं. ती ऐकू आली नाही तर माझ्या परवान्याचा उपयोग काय?

१८ सप्टेंबर

जमलं! गच्चीवरची लांब तार दूरचं आणि जवळचं, दोन्ही पकडते. म्हणून खोलीत जुन्या रिसीव्हरला एक आखूड तार लावली. तिला फक्त जवळचं ऐकू येतं. दोन्हींचा आवाज हातात मावेल एवढ्या मायक्रोकंट्रोलर बोर्डात सोडला आणि प्रोग्रॅम लिहिला: जे आखूड तारेवर आहे, ते लांब तारेवरच्या आवाजातून वजा कर. बटण दाबलं की घरघर जाते, दूरचा माणूस उरतो. जुळे सोलापूरच्या महेश्वर सरांनी मला परवान्याच्या परीक्षेला बसवलं होतं. फोनवर म्हणाले, अगं, आपल्या हॅम क्लबात आणून दाखव की.

२० सप्टेंबर

वजाबाकीच्या या फिल्टरमुळे एक अगदी क्षीण आवाज सापडला. पुरुषाचा. पाणी चढलंय, कुणी हाय का तितं, असं विचारत होता. बटण बंद केलं की तो घरघरीत बुडायचा. आमच्या हॅमवाल्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला सांगितलं, तुमचा आवाज जेमतेम पोचतोय. माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं: सोलापूर. त्याने स्वतःचं काहीच सांगितलं नाही. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन केला. ठिकाण कळल्याशिवाय माणसं कुठं पाठवायची, म्हणाले. बरोबरच आहे.

२१ सप्टेंबर

आज आवाज अधिक जोरात. ठिकाण विचारलं की तो माझंच विचारतो. सोलापुरात कुटं? मी अक्कलकोट रोड सांगितलं. सर रागावले: कॉलसाइन, परवान्यावरचं सांकेतिक नाव, सांगत नाही त्याला उत्तर द्यायचं नसतं. मी म्हटलं, संकटातल्या माणसाला देतात. सरांनी त्यांच्या सेटवर बराच वेळ कान लावला. त्यांना घरघरसुद्धा नव्हती, आणि तोही नव्हता.

२२ सप्टेंबर

आज फिल्टरची गरजच पडली नाही. घरघरीवरूनही तो स्पष्ट. लई गारठलोय, म्हणाला. तुमच्याकडं येऊ का? कारखान्यामागची गल्ली, गच्चीवरची खोली, सगळं सांगितलं. या म्हटलं. बुडणाऱ्याला दुसरं काय सांगणार?

संध्याकाळी शांतम्मा विचारत होत्या, जिन्यावर ओलं कुणी केलं. पाऊस नव्हता.

२३ सप्टेंबर

प्रोग्रॅम बिघडलाय. फिल्टर लावला की घरघर जाते आणि तोही जातो. दूरची बाकी स्टेशनं नीट येतात. फक्त तोच पुसला जातो. प्रत्येक ओळ तपासली. चूक नाही.

सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बाळ, खोलीत दुसरं कोण आहे?

कुणी नाही, म्हटलं. फोन ठेवल्यावर त्यांचा प्रश्न कळला. तो पुसला जातो, म्हणजे आखूड तारेवरही आहे. आखूड तारेला दूरचं ऐकू येत नाही.

२४ सप्टेंबर

कामावर रजा टाकली. सर निघालेत. तोवर खाली शांतम्मांकडे बस म्हणाले. शांतम्मा बाजारात गेल्यात, त्यांच्या दाराला कुलूप. गल्लीत उतरले होते, पण सेट चालूच राहिला होता, आणि खरंच कुणी बुडत असेल तर — एकदा खात्री करावी म्हणून वर आले.

आखूड तार हातात धरून फिरवली. खिडकीपाशी तो फिल्टरमधून थोडा उरतो. टेबलापाशी कमी. दाराकडे नेली की — काहीच नाही. पूर्ण पुसला.

दार माझ्या पाठीमागे आहे. फोन तिथेच चार्जिंगला.

तो विचारतोय, आता कसा ऐकू येतोय. आम्ही हॅमवाले सगळेच असं विचारतो. उत्तर दिलं नाही. ऐकताना लिहीत राहायची सवय, म्हणून हात चालू आहे — फक्त हातच —

सेट बंद केला. त्याचा दिवा विझला. हेडफोनमध्ये मागांची घरघरही ऐकू येत नाही आता.

हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

पुन्हा विचारतोय. तुमीच या म्हणालात की, म्हणतोय. मानेवर गार पाणी —

सर जिन्यात हाक मारतायत. वर येऊ नका म्हणून ओरडायचंय, पण माझ्या आधी त्यानेच, माझ्या आवाजात, या म्ह