दाखवली तीच कोथळी

तांडा, साखरा (ता. सेनगाव)
दि. ९ फेब्रुवारी २००५

चि. रणजीतभाऊजी यांस,
दिपावहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमच्या कॉम्प्युटरवरच्या दुकानाची पहिली कोथळी आज सेनगावच्या पोस्टातून पुण्याला निघाली. पिशवीच्या कवड्या, आरसे, टाके, सगळं मी स्वतः तपासलं होतं. माझी बालवाडी असल्यामुळे पार्सल मात्र सासूबाईंनी, आपल्या याडीनं बांधलं. कोथळी शिवणाऱ्या तांड्यातल्या सहाही बाया पोस्टापर्यंत यायला निघाल्या होत्या, जणू लेकच सासरी चालली. सहा जणी आतापासूनच विचारतात, दुसरी ऑर्डर कधी येणार म्हणून. तुम्ही उद्योग लावून दिलात आणि डोकं माझं खातात.

दुकानाच्या पानाचा जो कागद तुम्ही पाठवला, तो परवा याडीला दाखवला. दिवाळीत तुम्ही तिच्याच जुन्या कोथळीचा फोटो काढला होता ना, तो तिनं उजेडात धरून पाहिला. मग पुण्याच्या त्या बाईला हीच पायजे काय, असं दोनदा विचारलं. मी घाईत व्हय व्हय म्हणाले.

पूजाची तारीख पक्की झाली. २ मे, सोमवार. डोंगरकड्याची सासरची मंडळी चांगली आहेत. बहिणीच्या लग्नाला चार दिवस आधी या, पाहुण्यासारखे अक्षता टाकायला येऊ नका. रस्ता खोदताना साखऱ्याच्या फोनची तार तुटली ती तुटलीच, म्हणून पत्रच टाकत जा.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते),
दिपावहिनी

पुणे
दि. ३ मार्च २००५

सौ. दिपावहिनींस,
सा. न. वि. वि. चार दिवस झाले, मला अन्न गोड लागत नाही. कोथळी घेणाऱ्या औंधच्या निर्मलाबाईंचा मेल आला आहे. लेकीला भेट द्यायला त्यांनी ती मागवली होती. त्या म्हणतात की ही वापरलेली आहे, कडेला तेलाचा डाग आहे, दोन कवड्या झिजल्या आहेत. त्यांना ऑर्डर रद्द करून वस्तू परत द्यायची आहे.

वहिनी, खरं सांगा, शिवताना कुणाचे हात तेलाचे होते? पहिल्याच गिऱ्हाइकापुढे नाक कापलं गेलं. मी त्यांना नाही म्हणून कळवलं. दुकान उघडताना मी खाली एक ओळ टाकली होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हिंगोलीत आपण ज्यांच्याकडून कापड घेतो त्यांच्या भिंतीवर ती लहानपणापासून वाचत आलो. सगळेच लिहितात म्हणून मीही लिहिली. त्यांनी तीनदा विनवलं, मी तिन्ही वेळा तीच ओळ पाठवली. एकाचं परत घेतलं की उद्या सगळेच परत करतील, ही भीती.

बापूंना यातलं काही सांगू नका, बापाचा जीव, लागेल त्यांना. लोभ असू द्या, राग आला तरी चालेल.

तुमचा,
रणजीत

तांडा, साखरा
दि. ११ मार्च २००५

चि. रणजीतभाऊजी यांस,
आशीर्वाद. हात कुणाचेच तेलाचे नव्हते. भाऊजी, आधी बसा आणि मग वाचा.

काल पूजाला दाखवायला म्हणून याडीची पेटी उघडली. आजीच्या हातची ती फोटोतली कोथळी काढायला गेले तर आत आम्ही शिवलेली नवीकोरी कोथळी! जी घेऊन याडी या घरात आली, जी घेऊन पूजानं निघायचं, ती पुण्याला गेली आहे.

याडीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की, व्हय, म्याच बदलली. कागदावर जी दाखवली तीच त्या बाईनं मागितली, मग दुसरी कशी देऊ? आपले लोक बैलांवर मीठ लादून गावोगाव जायचे तवा जी वानगी दाखवली तोच माल गोणीतून निघायचा. दाखवलं एक आन् दिलं दुसरं, असं आपल्यात न्हाई. पोरानं दाखवली म्हंजी त्यानं बोल दिला. आणि हे सांगून ती भाकरी थापायला बसली. पण पाठमोरी रडत होती, मी पाहिलं.

दिलेली वस्तू परत मागायची नाही, असं तिनं मला बजावलं आहे. पूजा कालपासून जेवली नाही. तुम्ही त्या बाईंकडे आजच्या आज जा. परत द्यायला त्या तयार आहेत आणि नाही म्हणणारे आपणच, हे वाचून मला हसावं की रडावं कळेना.

दिपावहिनी

पुणे
दि. २ एप्रिल २००५

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी औंधला गेलो. उशीर झाला. निर्मलाबाईंनी जिल्हा ग्राहक मंचात तक्रार केली आहे आणि कोथळी पुरावा म्हणून तिथे जमा आहे, लाखेचं सील लावून. त्यांनी दारातच सांगितलं की आता जे बोलायचं ते मंचापुढे बोला.

नोटीस काल आली. तारीख २ मे. हो, पूजाच्या लग्नाचीच. गैरहजर राहिलो तर एकतर्फी निकाल लागेल.

खोलीवरचा प्रमोद वकिली शिकतो आहे. तो म्हणाला की ती ओळ मुळात कायद्याला धरून नाही. नवा म्हणून वापरलेला माल दिला तर गिऱ्हाइकाला तो परत करायचा हक्क आहे, पाटीवर काहीही लिहा. पण सुटायची वाट आहे, असंही त्यानं सांगितलं. आम्ही नवीन पाठवली, ही आमची नव्हेच, बाईंनीच बदलली, एवढं म्हणायचं. बाईंकडे साक्षीदार नाही. दुकान वाचेल, सहा बायांचं काम चालू राहील. फक्त कोथळी मग आपली राहणार नाही, आणि एक खरं बोलणारी बाई खोटी ठरेल.

मला झोप नाही. याडीला विचारून लवकर कळवा.

रणजीत

तांडा, साखरा
दि. १२ एप्रिल २००५

चि. रणजीतभाऊजी यांस,
आशीर्वाद. याडीला सगळं वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली की लग्नाला नसला तरी चालंल, पर तिथं उभं राहून आपली कोथळी आपली न्हाई म्हणू नको. बापूंनाही आता सांगावंच लागलं. संध्याकाळी म्हणाले, याडी म्हणते ते बराबर हाय. सहा जणींनाही मी सांगितलं. खोटं बोला असं एकही म्हणाली नाही.

पूजाला भावाशिवाय निघायचं आहे. तिची समजूत मी काढते.

दिपावहिनी

पुणे
दि. २ मे २००५, संध्याकाळ

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि. लग्न लागून गेलं असेल. पूजा निरोपाचं ढावलो गाताना माझं नाव घेऊन रडली असेल, तेव्हा मी मंचाच्या बाकावर बसलो होतो.

नाव पुकारल्यावर उठलो आणि सगळं सांगितलं. कोथळी आमची आहे, जुनी आहे, वापरलेली आहे. माझ्या आजीनं शिवली, आईनं पाठवली. फोटो तिचाच होता, तो जुनी वस्तू असल्याचं न सांगता मी लावला. परत घ्यायला नकार देणाराही मीच. अध्यक्षांनी सील फोडून कोथळी फोटोशेजारी ठेवायला लावली. निर्मलाबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि स्वतःच म्हणाल्या की हो, अगदी हीच दाखवली होती. मग त्यांनी विचारलं की हे मला आधी का नाही सांगितलं. मी म्हणालो की मला कळलं तोवर उशीर झाला होता, आणि ही घेऊन निघायची त्या माझ्या बहिणीचं आज लग्न आहे. त्या अध्यक्षांना म्हणाल्या की मला फक्त माझे पैसे हवेत.

तडजोड झाली. त्यांचे पैसे मी परत केले, ती ओळ काढून टाकायची लेखी हमी दिली, आणि कोथळी माझ्या हातात आली. शनिवारी ती घेऊन मी डोंगरकड्याला पूजाकडे जाईन. तुम्ही याडीला घेऊन तिथे या.

बाहेर पायऱ्यांवर निर्मलाबाईंनी मला थांबवलं. माझा हात धरून म्हणाल्या की अरे, पहिल्याच मेलला हो म्हणाला असतास, तर ही तिसऱ्या दिवशी तुझ्या आईच्या दारात असती आणि तू आज मांडवात. मी तिथेच रडलो, वहिनी.

पूजा निघताना काय म्हणाली ते तेवढं मला लिहू नका. बाकी सगळं लिहा, आणि जमलं तर जीव पूर्वीइतकाच लावा.

तुमचा,
रणजीत