टोकाच्या पोटातले पस्तीस ग्रेन

१२ जुलै १९८६

केलं एकदाचं. हेल्मर शेजारच्या वॉल्टच्या तबेल्यावर गेला होता, तेवढ्यात सरावाच्या बाणांची सहाही टोकं तापवून काढली, ड्रिलला लावली आणि आतून पोलाद कोरून टाकलं. बाहेरून तशीच दिसतात. एकशे साठ ग्रेनचं टोक एकशे पंचवीसवर आलं. पस्तीस ग्रेन म्हणजे काय, चिमूटभर गहू! पण देवदाराच्या काडीला तेवढं पुरतं. टोक हलकं झालं की काडी ताठ वागते, बाण डावीकडं जातो. हे मला वडिलांनी शिकवलं — बाण सरळ जावेत म्हणून.

शिकारीच्या बाणांना लावायची पाती एकशे साठचीच आहेत. ती तो आधी कधीच मारून बघत नाही, धार जाते म्हणे. आणि टोकं बसवणं माझं काम, पिसं कापणं त्याचं. चाळीस वर्षं असंच चाललंय. तो तपासणार नाही.

का केलं तेही लिहून ठेवते. मे महिन्यात माझा हा नवरा अंगणात कोसळला. डॉक्टर म्हणाले, नाडी उधळते, रोज सकाळी एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. डोंगराचं विचारलं तर त्यांनी नाही म्हणून मान हलवली. गाडीत बसल्यावर हेल्मर म्हणतो, "त्याला काय कळतंय, सपाट मुलखातला माणूस." सप्टेंबरात सहा दिवस एकटा जाणार, एल्कच्या, त्या घोड्याएवढ्या हरणाच्या मागं, अस्वलांच्या रानात. सदुसष्ट वर्षांचा! सांगून झालं, भांडून झालं. आता त्याच्याच नियमानं अडवायचं. लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या आत, वीस पावलांवरून, कागदी ताटलीत पाचपैकी पाच बाण. नाही बसले तर त्या वर्षी डोंगर नाही. नियम त्याच्या वडिलांचा. तो मोडणार नाही.

१५ जुलै

सगळे डावीकडं. म्हणाला, "वारा होता." पान हलत नव्हतं.

२१ जुलै

पाचपैकी एक. जेवताना उजवा हात टेबलावर पसरून त्याच्याकडं बघत बसला. "हा माझा हात वाटत नाही गं, सोल्वेग." सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. बटाटे वाढले.

२ ऑगस्ट

आजही गोळी माझ्या हातून घेतली, पाणी प्यायला, भाता उचलून बाहेर. आधी कुरकुर असायची — हिनं बोटं गार पडतात, हिनं हात जड होतो. तीही थांबली. निदान एवढ्या बाबतीत तरी शहाणा झालाय.

१९ ऑगस्ट

तीन बसले. मला कळेना. स्वयंपाकघराच्या खिडकीतून लपून पाहिलं. ताटलीवर नेम धरतच नाही तो! तळहातभर उजवीकडं धरतो. हात बिघडला म्हणून हाताची समजूत काढतोय.

भीती वाटायला लागली आहे, आणि ही भीती वेगळी आहे.

३० ऑगस्ट

पाचपैकी पाच.

ताटली घेऊन धावतच आला, दारावर खिळा मारून लावली. "बघ म्हातारे, बघ!" मला धरून गोल फिरवलं. मी हसले. काय करणार?

आता वर जाईल तेव्हा बाणाला असतील जड पाती. ती सरळ जाणार. आणि हा धरणार तळहातभर उजवीकडं. एल्क डावीकडं तोंड करून उभा असला तर बाण काळजाऐवजी पोटात. हलकी पाती मागवायची तर पंधरा दिवस लागतात, आणि एकदा धार लावली की पात्यांना तो मला हात लावू देत नाही.

५ सप्टेंबर

आज सांगणारच होते. कॉफी दिली, समोर बसले, तोंड उघडलं. तोच बोलायला लागला. "महिनाभर वाटत होतं, मी संपलो. तुला सांगितलं नाही." डोळे भरले होते त्याचे. मी उठून कप विसळला. मी भित्री आहे, दुसरं काही नाही.

७ सप्टेंबर

गेला. वॉल्ट घोड्यांची गाडी घेऊन आला होता. मला म्हणतो, "तोंड का पाडलंय, सोल्वेग? सहाव्या दिवशी आणून देतो, तुला हवा असो नसो." गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी जोरात हाक मारली. हेल्मरला वाटलं निरोप देतेय. त्यानं हात हलवला.

९ सप्टेंबर

जेवण जात नाही. पोटात बाण लागलेला एल्क मैलोन् मैल चालतो. आणि हेल्मर जखमी जनावर सोडून कधी आलेला नाही. चढावर रक्त शोधत जाईल. त्या वासावर अस्वलंही येतील. इंगाला फोन केला. लेक म्हणते, "आई, बाबा दरवर्षी जातात, तू दरवर्षी घाबरतेस." तिला कसं सांगू की यंदाची भीती मी स्वतः ड्रिलनं कोरली आहे.

१० सप्टेंबर

ठरवलं. वर जाते आणि त्याला तोंडावर सांगते. ओरडू दे, महिनाभर अबोला धरू दे. वॉल्ट दुपारी नेतो म्हणालाय. का ते मी त्याला सांगितलं नाही. कोरलेली टोकं बरोबर नेणार, त्याच्या हातावर ठेवणार. सरावाचा भाता तो शेडमध्येच ठेवून गेलाय, बाण काढून आणते.

१० सप्टेंबर, अकरा वाजता

भाता उलटा केला. बाणांबरोबर गोळ्या पडल्या. ओल्या होऊन सुकलेल्या, काही तळाच्या चामड्याला चिकटलेल्या. सत्तेचाळीस. वॉल्टला फोन केला, दुपारी नको, आत्ताच ये.

तळाशी त्याची नेम टिपायची वही होती. "२२ जुलै. परत डावीकडं. ही गोळीच हात बिघडवते. आजपासून बंद. सोल्वेगला कळू द्यायचं नाही, ती घाबरते."