आठ मिनिटे पुरेशी नाहीत

३ मार्च, सकाळी ७
आजपासून पावडरशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास. कपडे धुण्याच्या पावडरीच्या कारखान्यात अकरा वर्षे कागदपत्रे सांभाळली. पावडर मात्र समजून घ्यायची राहिली. मिक्सिंग सेक्शनला प्रमुख नेमायचा आहे. साहेब म्हणाले, तुम्ही किंवा ऑपरेटर मामा. वीस तारखेला एकेक बॅच काढून दाखवा. मामांनी एकही पुस्तक उघडलेले नाही. निकाल उघड आहे.

५ मार्च
पहाटे पाचचा संकल्प. साडेआठला उठलो, मेंदूला विश्रांती आवश्यक असते.
प्रकरण पहिले: ढिगाचा उतार. वरून सोडलेली पावडर ठरावीक कोनातच स्थिरावते. कोन जितका कमी, तितकी ती प्रवाही. किती सुंदर! ओट्यावर मीठ, साखर, मैदा यांचे ढीग करून कोनमापकाने मोजले. पत्नीने विचारले, ओटा पुसायचं कितव्या प्रकरणात आहे? जिज्ञासा स्तुत्य.

९ मार्च
हॉपर, म्हणजे पावडरीचे अजस्र नरसाळे, तुंबला. आत कण एकमेकांना धरून कमान उभारतात. खालच्या तोंडाशी उभा राहून मी हे सर्वांना समजावत होतो. मामा म्हणाले, मास्तर, जरा बाजूला व्हा. मुद्दा अपुरा सोडणे मला मान्य नव्हते. त्यांनी लाकडी हातोड्याची एक थाप दिली. कमान कोसळली. माझ्यावर.
दुपारी २. शिंका: एकेचाळीस. सिद्धांत बरोबर ठरल्याचे समाधान.

१८ मार्च
पांढऱ्या पावडरीत निळे दाणे सारखे पसरायला हवेत. मामा मिक्सर आठच मिनिटे फिरवतात. आठच का, विचारले. म्हणे, नवव्या मिनिटाला दाणे रडायला लागतात. सगळे हसले. याला शास्त्र म्हणत नाहीत. जितके अधिक फिरवावे, तितके मिश्रण एकजीव. मी चाळीस मिनिटे ठरवली आहेत.

२० मार्च, सकाळी ११
मामांची बॅच झाली. प्रत्येक चमच्यात दाणे तेवीस, पंचवीस, चोवीस. बरी आहे.
माझी सुरू. तिसाव्या मिनिटाला मामा कानाशी येऊन म्हणाले, अहो मास्तर, पाया पडतो, बंद करा आता; किती गरगरवाल बिचारीला! प्रतिस्पर्ध्याची घालमेल समजू शकतो. आणखी दहा मिनिटे वाढवली.

दुपारी १२
झाकण उघडले. निळा दाणा एकही नाही. सगळ्यांचा भुगा होऊन संपूर्ण बॅच फिकट निळी. साहेबांना समजावले की ही एकजीवपणाची परमावधी आहे. कुठलाही चमचा घ्या, फरक शून्य. साहेबांनी विचारले, आणि गिऱ्हाइकाचे पांढरे शर्ट? तेही एकजीव?

२१ मार्च
सेक्शन मामांकडे. मी कागदपत्रांकडे. पहिले काम: मामांच्या नेमणुकीचे पत्र टाइप करणे. दोनदा चुकले; दोन्ही वेळा हुद्द्याआधी माझेच नाव पडले. तिसऱ्या वेळी मामा शेजारी खुर्ची ओढून बसले आणि स्वतःचे नाव एकेक अक्षर करून सांगत गेले.